यंदाची सागाची पानं

फरहा लग्न होऊन नागपूरला गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तरी आबिदा तिच्या खोलीत रोज केर काढायची आणि दार ओढून घ्यायची. खोली घराच्या मागच्या अंगाला होती. उत्तरेला मोठी खिडकी, दिवसभर सारखाच उजेड. आबिदा मात्र आपली कार्डं करायची ती स्वयंपाकघरात, फरशीवर पाय पसरून.

कार्डांचं वेड तिला लहानपणापासून. ईद जवळ आली की जाड कागद दुमडून त्यावर चमकी चिकटवायची आणि गल्लीभर वाटायची. लग्नानंतर तीस वर्षं ते मागेच पडलं. फरहाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या तेव्हा तिनं सहज एकीवर सुकवलेलं झेंडूचं पान चिकटवलं. ते बघून नात्यातल्या बायका मागे लागल्या. मग कोणाच्या बारशाला, कोणाच्या निकाहाला, हजहून येणाऱ्या कोणाच्या स्वागताला तिचं कार्ड जाऊ लागलं. पण स्वयंपाकघर ते स्वयंपाकघरच. एकदा बारा कार्डं वाळायला मांडली असताना कुकर उसळला आणि बाराही वरणानं पिवळी झाली.

त्या दिवशी तिचा नवरा रफीक जेवायला घरी आला होता. तो सुतार, मूल गावच्या बाजाराच्या कडेला त्याचं छोटं दुकान. त्यानं ती पिवळी कार्डं उचलून पाहिली.

"फरहाची खोली घे ना," तो म्हणाला.

"पोरगी आली तर कुठी झोपंल?"

रफीकनं सरळ मुलीला फोन लावला आणि आबिदाच्या हातात दिला. फरहा पलीकडून म्हणाली, "अम्मी, मी सालातून दोनदा येतो, तेही चार दिवस. तुझ्या कागदांच्या बाजूले गादी टाकून झोपीन. घे ती खोली."

रफीकनं पंधरा दिवस लावून टेबल केलं. आबिदाची कंबर दुखायची, म्हणून त्यानं ते उंच केलं, उभ्यानंही काम करता यावं असं. कागद आडवे ठेवायला उथळ खण, कात्र्या अडकवायला भिंतीवर फळी, कार्डं वाळायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी. शेवटी सागाच्या एका तुकड्यातून त्यानं बोटभर रुंदीची पट्टी तासली, घडीवर दाबून फिरवायला. काचकागदानं तिला इतकं घासलं की ती गालाला लावली तर कळूही नये.

पहिल्या दिवशी आबिदा आत गेली, स्टुलावर बसली आणि बराच वेळ तिनं कशालाच हात लावला नाही. गोंद, रंग, कागद सगळं जागच्या जागी होतं. कोणी पाणी मागत नव्हतं. पोळी उलटायची नव्हती. पन्नास वर्षांच्या आयुष्यात ज्या खोलीत फक्त आपलंच काम आहे अशा खोलीत ती पहिल्यांदा बसली होती. तिनं हळूच उठून दार लावलं, पुन्हा उघडलं, आणि एकटीच हसली.

कमळा तिच्याकडे यायला लागली ती पत्रावळींमुळे. कमळा जंगलाला लागून असलेल्या गावची. घरचं थोडं धान होतं, बाकीच्या दिवसांत ती पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लावून बाजाराच्या दिवशी मूलला आणायची. आबिदाच्या घरी पिराच्या नावानं नियाजीचं जेवण असलं की गठ्ठा तिच्याचकडून यायचा. भादव्यातल्या एका बाजाराला तिनं असाच गठ्ठा ओसरीवर सोडला, तर वर बांधलेल्या सुतळीत एक पान अडकलेलं होतं.

आबिदानं ते सोडवलं आणि ती तिथंच थांबली. सागाचं मोठं पान, पण त्यात पान असं उरलंच नव्हतं. हिरवा गर सगळा गेलेला. राहिल्या होत्या फक्त शिरा. मधली जाड शीर, तिच्यातून फुटलेल्या बारीक, त्यांतून आणखी बारीक, केसाहून बारीक. सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, एकही तुटलेली नाही. पलीकडे धरलेला तिचा तळहात त्यातून दिसत होता.

"कमळाबाई, हे कोणी केलं?"

"कोणी कायले करते? अळी खाते सागाले. दरसाल लागते."

"अळीनं?"

"हो. गर खाते, शिरा सोडते. कडक लागत असन तिले," कमळा पदरानं तोंड पुसत म्हणाली. "मस्त पडले आहेत जंगलात. पाह्यचं असन तर चाला."

मूलमध्ये जन्म गेला तरी आबिदा जंगलात कधी गेली नव्हती. रस्त्यानं जाताना एसटीच्या खिडकीतून दिसायचं तेवढंच. रफीक म्हणाला, "वाघ आहे तिकडे." कमळा म्हणाली, "आहे ना. म्हणून दहा वाजता जाऊ, रस्त्याच्या काठाकाठानं, चार-पाच बाया मिळून. बोलत बोलत गेलं का तो आपणच सरकते."

तशा त्या गेल्या. कमळा, तिच्या गावच्या तिघी आणि आबिदा. दोन्ही बाजूंना धान निसवायला आला होता. बांध संपला तिथून साग सुरू झाला. बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या, कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गाईचं. आबिदाचा एक डोळा झुडपांवर होता. मग अचानक तिच्या लक्षात आलं की पाऊस पडतोय. बारीक, झिरमिर आवाज, सगळीकडून. तिनं हात पुढे केला. हात कोरडाच. तळव्यावर मोहरीहून लहान काळे दाणे पडले होते.

"अळ्यांची लेंडी होय ते," कमळा म्हणाली. "खाऊन राह्यल्या ना वरतं."

आबिदानं वर पाहिलं.

एक झाड नाही, दोन नाही. दिसेल तिथपर्यंत सगळा साग जाळीचा झाला होता. उंचच उंच खोडं आणि त्यांच्यावर हजारो, लाखो पानं, प्रत्येकातून आभाळ दिसणारं. ऊन त्यातून गाळून खाली येत होतं आणि जमिनीवर, बायकांच्या लुगड्यांवर, कमळाच्या कपाळावर शिरांच्या सावल्या पडल्या होत्या. वारा आला की त्या सगळ्या एकदम हलायच्या. आपण कागदात एक जाळी कापायला किती तास लावतो, आबिदाला वाटलं, आणि इथं कोणी न बघता, दरसाल, एवढं सगळं होतं आणि गळून जातं.

"सुभानअल्लाह," ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला ते पुसायचंही सुचलं नाही.

कमळानं तिच्याकडे पाहिलं. मग तीही मान वर करून उभी राहिली. चाळीस वर्षं ती या सागाखालून जात-येत होती, डोक्यावर मोळी नाहीतर पानांचा भारा घेऊन. "खरंच व माय," ती सावकाश म्हणाली. "मान वर करून कधी पाह्यलंच नाई."

त्या दिवशी आबिदानं टोपलीभर पानं आणली. त्यांतली निम्मी पहिल्या दोन दिवसांत तुटली. सुकलं की पान कुरकुरीत होई आणि हात लागला की भुगा. मग ओल्या फडक्यात ठेवून, वहीत दाबून, पातळ खळ लावून ती शिकली. कार्डावर पान बसलं की फार सुंदर दिसे. पण तिचं समाधान होईना. जंगलात पानं वर होती, उभी होती, त्यांच्यातून उजेड येत होता. कागदावर चिकटवलं की ती निजायची. कार्ड उघडताच आतलं पान उभं राहिलं पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं फोनवर पाहिलं, कापलं, दुमडलं, चिकटवलं. पान उभं राही आणि लगेच एका बाजूला लवंडे. तीन आठवड्यांत टेबलाखाली बिघडलेल्या कार्डांचा ढीग झाला.

एका बाजाराच्या दिवशी कमळा आली ती गठ्ठा उतरवून उभीच राहिली. काहीतरी बोलायचं होतं.

"बाई, मले एक कार्ड करून द्याल? पुनमले पाठवाचं आहे."

पुनम तिची मुलगी. नर्सचं शिक्षण संपवून दोनच महिन्यांपूर्वी गडचिरोलीच्या दवाखान्यात लागली होती.

"रोज बोलतो तिच्यासंग फोनवर," कमळा म्हणाली. "पण फोन ठेवला का बोलणं गेलं. हातात धराले काई राह्यत नाई."

"या आत," आबिदा म्हणाली.

कमळा दारात थबकली. टेबल, खण, दोरीवर लटकलेली कार्डं, सगळ्यावरून तिची नजर फिरली. पाय पायपोसाला दोनदा पुसून ती आत आली आणि हात मागे बांधून उभी राहिली, चुकून कशाला लागू नये म्हणून. मग तिला टेबलाखालचा ढीग दिसला.

"हे काऊन फेकले?"

"बिघडले. उघडलं की पान उभं राह्यला पाह्यजे. उभं राहते अन् पडते."

कमळानं खाली बसून त्यातलं एक उचललं. उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. पान उभं राहिलं आणि लवंडलं. तिनं कागद बोटांत चोळून पाहिला, जसा ती बाजारात पळसाची पानं चोळून बघायची.

"सरळ लावलं तुमी. म्हणून पडते. तिरपं लावा."

"तिरपं कसं?"

"द्रोणासारखं." तिनं कोरा कागद मागितला. ना पट्टी घेतली, ना पेन्सिल. कागद मधोमध मुडपला, खालचे दोन काठ तिरपे वळवले, डावा त्या बिघडलेल्या कार्डाच्या डाव्या बाजूला लावला आणि उजवा उजव्या बाजूला, दोन्हीकडे सारखाच तिरपा. गोंदाकडे तिनं पाहिलंही नाही. कमरेच्या पिशवीतून पत्रावळीची बांबूची काडी काढून दोन टाके घातले. "आमी द्रोण दाबून गठ्ठा बांधतो ना. दाबला का चपटा, सोडला का उभा. सरळ असता तर उभा राह्यला असता काय?"

तिनं कार्ड मिटलं आणि आबिदाच्या हातात दिलं.

आबिदानं उघडलं. कागद आतून उठला, पोट पुढे काढून उभा राहिला आणि हलला नाही. तिनं कार्ड तिरकं केलं. फुंकर मारली. उभाच. तिनं मोजपट्टी लावून दोन्ही बाजूंचा तिरपेपणा मोजला. सूतभरही फरक नव्हता.

आबिदा कमळाच्या हातांकडे पाहत राहिली. नखं पानांच्या रसानं काळवंडलेली, बोटांना काड्यांच्या टोचण्यांचे घट्टे. नियाजीत ज्या द्रोणांत इतकी वर्षं खीर वाढली आणि जेवण झाल्यावर गोळा करून टाकून दिले, ते या हातांनी लावले होते. तिनं एकदाही द्रोण हातात घेऊन उलटा करून पाहिला नव्हता.

"कमळाबाई," ती म्हणाली, "हे कार्ड तुमीच करा. मी बाजूले बसतो."

"मले कुठी येते?"

"माह्याहून जास्त येते."

दुपार झाली, बाजार भरला, उठायला आला. बाहेर रफीक येऊन, झाकलेलं वाढून घेऊन, जेवून गेला. कमळानं पांढरा कागद नको म्हटलं, मातकट रंगाचा निवडला. जाळीचं पान आबिदानं ओलं करून मऊ केलं, त्यामागे आधाराला पातळ कागद लावला, आणि कमळानं ते तिरप्या घडीवर बसवलं. दोघींनी सावकाश कार्ड मिटलं. पान तुटलं नाही. उघडलं, तर खिडकीच्या उजेडात ते उभं राहिलं आणि कागदावर त्याच्या शिरांची सावली पडली.

"आता काय लिहू?" आबिदानं पेन घेतलं. "शुभेच्छा लिहू? आशीर्वाद?"

कमळानं बराच विचार केला. "लिहा, पुनम, यंदा सागाची पानं अशी झाली. तू इथी नव्हतीस, म्हणून पाठवतो. माय."

आबिदानं एवढंच लिहिलं.

आठ दिवसांनी पुनमचा फोन आला, तो कमळाच्या नाही, आबिदाच्या मोबाइलवर. कार्ड तिनं वॉर्डातल्या आपल्या टेबलावर ठेवलं होतं. तिथं जंगलाच्या आतल्या गावची एक म्हातारी भरती होती. तिला फक्त गोंडी येई. नातू तिला तिथं ठेवून गेल्यापासून ती कोणाशी बोलत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. सकाळी सुई द्यायला पुनम टेबलावरून सामान उचलत होती, तेव्हा कार्ड उघडलं. म्हातारी उठून बसली. तिनं हात पुढे केला. पुनमनं कार्ड दिलं.

"आकी म्हणाली ती," पुनम सांगत होती. "आकी, आकी. बाजूच्या पेशंटनं सांगतलं, पान म्हणते म्हणून. मंग काकू, ती बोलाले लागली, थांबेच ना. मले एक शब्द समजला नाई. पण मी ऐकत बसलो. नंतर सुई देऊ दिली, पेजही खाल्ली." मग तिनं विचारलं, "मायनं केलं का ते? खरंच मायनं?"

"तुह्या मायनंच," आबिदा म्हणाली. "मी फक्त लिहलं."

आता बाजाराच्या दिवशी कमळा गठ्ठे विकून झाले की मागच्या खोलीत येते. रफीकनं दुसरं स्टूल केलं, थोडं बुटकं, कारण कमळाला उंचावर बसवत नाही. कधी तिच्या गावच्या त्या तिघीही येतात. आबिदा त्यांना खळ आणि रंग दाखवते, त्या तिला घड्या दाखवतात. कोणती घडी खिरीच्या द्रोणाची, कोणती भाजीच्या द्रोणाची, कोणती लग्नातल्या मोठ्या पत्रावळीची. अकरा घड्या झाल्या आहेत आणि अजून संपलेल्या नाहीत.

दिवाळीत पुनम दोन दिवसांच्या सुट्टीवर आली. आईला शोधत ती थेट मूलला पोचली आणि त्या खोलीच्या दारात उभी राहिली. कमळा खिडकीशी बसली होती, समोर कागद, बाजूला पाण्यात भिजवलेली पानं. तिची बोटं चालत होती, मुडप, वळव, टाका, आणि प्रत्येक वेळी तिच्या हाताखालून काहीतरी उठून उभं राहत होतं. लहानपणी घराच्या ओसरीवर पुनमनं हे हात रोज पाहिले होते, आणि शाळेतल्या मैत्रिणी आल्या की आईला आत जायला सांगितलं होतं. ती दारातूनच बघत राहिली. आबिदानं तिला पाहिलं, पण हाक मारली नाही.

मग पुनम म्हणाली, "माय, मले शिकवशील?"

कमळानं मान वर केली. मुलगी कधी आली, तिला कळलंच नव्हतं.

"हात धुऊन ये पयले," ती म्हणाली आणि स्टुलावर सरकून तिनं जागा केली.