सुपर प्रायमर

मिस्त्रींना आपल्या इंग्रजीचा भारी अभिमान. उभी हयात सुतारकामात गेली, पण पन्नाशी उलटल्यावर हट्टाने कॉम्प्युटरच्या क्लासला बसले, आणि आता कपाटांची चित्रं कागदावर नाही, स्क्रीनवर काढतात. फाइल, सेव्ह, प्रिंट, अनडू, सगळं तोंडपाठ! गिऱ्हाईक आलं की मुद्दाम असे सरकून बसायचे, की त्याला स्क्रीन दिसलीच पाहिजे.

आणि त्याच कॉम्प्युटरची भाषा त्यांच्या सख्ख्या लेकीने एके सकाळी बदलून टाकली.

"टकळे! हे काय झालंय याला? व्हायरस शिरला की काय?"

"व्हायरस नाही बाबा, फ्रेंच आहे."

टकळी हे तिचं लाडाचं नाव. बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, म्हणून पडलेलं. पण कंपनीच्या मुलाखतीत हीच टकळी मुकी झाली होती. फ्रेंच गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम होतं. परीक्षेत पहिली आलेली पोर, पण समोरच्या बाईंनी प्रश्न विचारला आणि हिची दातखीळच बसली. कंपनीने आणखी एक संधी दिली होती. ती शेवटची.

"मी आधी इंग्रजीत विचार करते, मग त्याचं फ्रेंच करते, आणि तिथेच अडकते," ती म्हणाली. "म्हणून डोळ्यांसमोर इंग्रजी नकोच. मुलाखतीपर्यंत सोसा ना, बाबा!"

लेकीपुढे बापाचं काय चालतंय? बरं म्हणाले. पण काम करायला बसले आणि डोकं पिकलं. अक्षरं सगळी ओळखीची, शब्द एकही ओळख दाखवेना!

असंच एकदा स्वयंपाकघराचं अख्खं कपाट काढून झालं होतं, रंग तेवढा राहिला होता. शोधता शोधता एक शब्द दिसला आणि मिस्त्रींचा चेहरा खुलला. शब्दाच्या शेवटी चक्क प्रायमर! रंगाच्या आधी प्रायमरचा हात मारतात, हे सुताराला कोणी शिकवावं? आणि सुरुवातीला 'सप' आहे, म्हणजे सुपर असणार. साधं नाही, सुपर प्रायमर! त्यांनी झोकात कपाट निवडलं आणि बटण दाबलं.

कपाट गायब.

"अगं आई गं! टकळे, धाव!"

टकळी धावत आली, बघितलं आणि पोट धरून हसायला लागली. "स्युप्रिमे, बाबा, स्युप्रिमे! म्हणजे पुसून टाकणे!" कपाट तिने परत आणून दिलं, पण हसू काही आवरेना.

"बापाला हसतेस?" मिस्त्री त्या दिवशी जाम चिडले. पुढे मात्र त्यांचं सुपर प्रायमर काही सुटलं नाही. जेवताना, रंधा मारताना, उठता बसता तेच. त्यांनी म्हणायचा अवकाश, टकळी असेल तिथून ओरडायची, अगदी न्हाणीघरातूनसुद्धा. "स्युप्रिमे, बाबा!" मग त्याच्यामागून आणखी चार फ्रेंच वाक्यं सुनवायची.

"तुम्हाला एक शब्द धड येऊ नये?" टकळीची आई म्हणायची.

मुलाखत घरूनच होती, याच कॉम्प्युटरवर. दार लोटलेलं, बाहेर मिस्त्री हातात पॉलिश पेपर घेऊन उगाच उभे, शेजारी टकळीची आई. आतून पहिली दोन-तीन उत्तरं नीट आली. मग बाईंनी एक लांबलचक प्रश्न विचारला, आणि पुढे काहीच ऐकू येईना.

"अहो, गप्प झाली," टकळीची आई पुटपुटली.

मिस्त्रींनी दाराला कान लावला. पोरीने जिवाचं किती रान केलं होतं, आणि आता पुन्हा तेच! आत जावं तर परक्या बाईंसमोर आपलीच शोभा होणार. होऊ दे, म्हणाले. हसतील तर हसू देत! दार ढकलून ते खणखणीत आवाजात ओरडले, "टकळे, ते सुपर प्रायमर कुठे गेलं गं?"

"स्युप्रिमे, बाबा! स्युप्रिमे!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. स्क्रीनवरच्या बाईंना हसू फुटलं. त्यांनी काहीतरी विचारलं, आणि काय सांगावं, टकळी सुटली! इंग्रजीत विचार करायला सवडच कुठे होती? मिस्त्रींना त्यातलं 'पापा' कळलं, 'स्युप्रिमे' कळलं, आणि हात पसरून ती कपाट केवढं होतं ते दाखवतेय एवढं कळलं. पलीकडे बाई डोळे पुसत होत्या.

मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "बघ, बघ कशी बोलतेय! माझी लेक आहे ती," ते दारातून म्हणाले.

"माझीपण आहे. जरा सरका, मला दिसू द्या."

नोकरी मिळाली. कळलं त्याच दिवशी टकळी कॉम्प्युटर पुन्हा इंग्रजीत करायला बसली. मिस्त्री तिच्या खांद्यावरून बघत होते.

"एवढी घाई नको," ते म्हणाले. "आधी ते जुनं कपाट स्युप्रिमे कर. गिऱ्हाइकाला नको झालंय."

टकळीचा हात थांबला. तिने सावकाश मान वळवली. "बाबा! तुम्हाला नीट म्हणता येतं? कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग इतके दिवस..."

"मी नीट म्हटलं असतं," मिस्त्री म्हणाले, "तर तू बोलली असतीस का?"