जावयाची विजेची गाडी

"हिला गाडी म्हणायचं? चाकं लावलेला मिक्सर आहे नुसता!" चार्जरपाशी उभे राहून मिस्त्री तिसऱ्यांदा तेच बोलले. चाळीस वर्षं डिझेल इंजिनांत कोपरापर्यंत हात घातलेला माणूस. जावयाच्या या गाडीचा त्यांना तिटकाराच होता. धूर नाही, आवाज नाही. बॉनेट उघडलं तर आत काय, तर पिशव्या ठेवायला खण!

पण आज त्यांचा जीव खरंच खालीवर होत होता. ताईचं हृदयाचं ऑपरेशन होतं. चारला तिला आत नेणार होते, आणि "त्याआधी मला तुझं तोंड बघायचंय," असं तिनं निक्षून सांगितलं होतं. आई गेल्यावर मिस्त्रींना वाढवलं ते तिनंच. गाडी पूर्ण भरलेली असती तर एका दमात पोचले असते. पण निघतानाच ती अर्धी रिकामी, म्हणून वाटेत हे थांबणं आलं. चार्जर दोन, त्यातला एक बंद. दुसऱ्यावर एक बाई गाडी लावून निवांत पुस्तक वाचत बसलेल्या. तास गेला तेव्हा कुठे नंबर लागला.

"जावईबापू, डिझेल भरायला पाच मिनिटं लागतात. पाच! आणि तुमची ही महाराणी रात्रभर प्लगला लटकूनही उपाशीच?"

जावई गप्प. मेंगळट मेला, मिस्त्रींच्या मनात आलं. गाडीला आवाज नाही, मालकालाही नाही.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "कुठवर आलास रे?"

"कुठवर येणार, कपाळ! या डबड्यानं घात केला. रात्रभर लावली होती, तरी अर्धीच भरली."

"तुझ्या घरी लावली होती?" ताई हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. "अरे येड्या, झोपायच्या आधी घरभर फिरून बटणं बंद करणारा तू! माझ्याकडे आलास की माझा फ्रिजसुद्धा बंद करतोस. चल, न्यायला आलेत मला. सावकाश या."

मिस्त्रींना काल रात्रीचं आठवलं. आग लागेल एखादे दिवशी, असं पुटपुटत, चपला घालून मुद्दाम खाली उतरून, गाडीजवळचं बटण त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सकाळीच दिसलं, बाबा."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही आधीच आत्यांच्या काळजीत होतात."

शिव्या सगळ्या तोंडाशी तयार होत्या, पण आता त्या द्यायच्या कोणाला? मिस्त्री चार्जरसमोर उभे राहून आकडे बघत राहिले. बासष्ट. त्रेसष्ट. चार वाजून गेले होते.