गाडीत जागा हाय

मी तोंडाची फटकळ, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय. पण माझं जे नुकसान झालं ते तोंडानं न्हाई झालं. ते झालं माणसं गोळा करण्याच्या सवयीनं. चांगली सवय म्हणतात तिला लोक. म्हणू द्या.

आमचे हे एसटीत ड्रायवर होते. देगलूर डेपोत शिवमूर्ती ड्रायवर म्हटलं की कुणीबी सांगंल, शांत माणूस. चौतीस वर्षं पन्नास-साठ माणसं मागं बसवून गाडी हाकली. त्या चौतीस वर्षांत मी त्यांच्यासंगं फिरले ती माहेरी उदगीरला, त्यांच्याच एसटीत, मागं बायांच्या सीटवर. आरशातूनसुद्धा बघायचे न्हाईत. ड्युटी म्हणजे ड्युटी.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी कार घेतली. पोरगा संगमेश्वर हैदराबादेत नोकरीला, तो म्हणाला, पप्पा, आता कशाला? ह्यांनी कुणाचं ऐकलं न्हाई. गाडीला हार घातला, नारळ फोडला अन् मला म्हणाले, “कमळे, आता एकच पॅसेंजर घ्यायचा. तू.”

“अय्यो! साठी आली, जरा लाज धरा,” म्हणून मी आत पळाले. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या.

पहिल्यांदा ठरलं होट्टलला जायचं, जुनी देवळं बघायला. दोघंच, असं त्यांनी दोनदा सांगितलं. सकाळी मी धपाटे बांधून राहिले होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या गुणाबाईनं डोकं काढलं. “कुठं चाललाव, अक्का?”

आता काय सांगू? नवऱ्यासंगं एकटी फिरायला चालले म्हणू? म्हटलं, “होट्टलला. देवदर्शन. चल की, गाडीत जागा हाय.”

गुणाबाई आली. तिची जाऊ आली. जावेचा नवरा आला, तो पुढं ह्यांच्या बाजूला बसला अन् मी मागं बायांत. ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मागचं दार लावलं अन् गाडी काढली.

आमचं घर दासोहाचं. लिंगायताच्या घरात वाटून खायचं, हे सासूनं मला पहिल्या दिवशी शिकवलं. दारावरनं कुणी उपाशी गेलं तर त्या दिवशी सासूला घास उतरायचा न्हाई. मी तेच गाडीला लावलं. तीन जागा रिकाम्या घेऊन जायचं म्हणजे पाप, असं मी ह्यांना सांगायचे. ते म्हणायचे, “हाव, तेबी खरंच हाय.”

पण खरं सांगते, पापबिप काही न्हाई. मला भ्या वाटायचं. अठराव्या वर्षी या घरात आले तेव्हा घरात अकरा माणसं. नवऱ्याशी बोलणं म्हणजे डबा दिला, पीठ संपलं, पोराला ताप हाय. एवढंच. दिवसभर दोघांनीच बसून काय बोलायचं असतंय, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. माणसं भोवती असली की मी वाघीण. ह्यांच्यासमोर एकटी बसले की हात कुठं ठेवू कळायचं न्हाई.

मग कंधारचा किल्ला झाला, नांदेडचा गुरुद्वारा झाला, उदगीरचा किल्ला झाला. दर वेळी आदल्या दिवशी हे म्हणायचे, “या बारीला दोघंच,” अन् दर वेळी सकाळी माझ्या तोंडातनं निघायचं, “चला की, गाडीत जागा हाय.” गल्लीत लोक म्हणायला लागले, शिवमूर्तीची फुकट एसटी. मला त्याचाबी अभिमान वाटायचा, बगा. अक्कल कशाला म्हणतात!

मागल्याच्या मागल्या श्रावणात हे म्हणाले, सहस्रकुंडला जाऊ. इस्लापूरला त्यांची मुक्कामी गाडी असायची म्हणे, वर्षानुवर्षं. सकाळी गाडी काढायच्या आधी कधी कधी धबधब्यापर्यंत जाऊन बसायचे. मला हे कधीच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. “तिथं बसलं की वाटायचं, एकदा कमळीला आणावं,” असं म्हणाले अन् लगेच पेपर तोंडासमोर धरला. “लई लांब हाय. दोघंच जाऊ. निवांत.”

मी हाव म्हटलं. मनापासून म्हटलं. अन् त्याच संध्याकाळी नणंदेचा, सिंधुचा फोन आला. बोलता बोलता मी सांगून बसले. ती म्हणाली, “श्रावणाचा महिना, तिथं महादेव हाय, आम्हाला न्हाई का गं घेणार?” आता नणंदेला नको म्हणायचं म्हणजे आयुष्यभराची बोलणी खायची. म्हटलं, ये. सिंधु आली, तिचा नवरा आनंदराज आला, अन् गुणाबाई तर आमच्या गाडीचं पाचवं चाकच होती.

नरसी, भोकर, हिमायतनगर करत दुपारपर्यंत पोचलो. पाणी असं कोसळत होतं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. मी लगेच सतरंजी अंथरली, धपाटे काढले, शेंगाची चटणी, दही. सगळ्यांना वाढत होते. हे माझ्याजवळ येऊन वाकले अन् हळूच म्हणाले, “चल की जरा. दहाच मिनिटं. तिकडून लई चांगलं दिसतंय.”

“ह्या माणसांना पानावर सोडून?” मी ओरडलेच, पाण्याच्या आवाजात दुसरं करणार काय. “तुम्ही या जाऊन! मी काय पळून चालले का?”

आनंदराज हसला. गुणाबाई हसली. मीबी हसले. हे गेले एकटेच. बऱ्याच वेळानं सिंधु त्यांना बोलवून आणायला गेली तेव्हा परत आले, दोन धपाटे खाल्ले, चटणी चांगली झालीय म्हणाले. येताना रस्ताभर आनंदराज बडबडत होता अन् हे हाव-हाव करत होते.

त्यानंतर त्यांनी फिरायचं नाव काढलं न्हाई. दिवाळी झाली, संक्रांत झाली. गाडी धुवायचे, पुसायचे, परत कापड झाकायचे. गुणाबाईनं दोनदा विचारलं, “यंदा कुठं न्हाई का?” हे म्हणायचे, “बघू.” मला वाटलं वय झालं, कंबर धरत असंल. मी गुडघ्याला लावायचं तेल कंबरेला चोळून दिलं. गप चोळून घेतलं बिचाऱ्यांनी.

गेल्या पावसाळ्यात सिंधु राहायला आली होती. भाजी निवडता निवडता मी म्हटलं, “तुझ्या दादाचं फिरायचं खूळ उतरलं बाई.”

तिनं हातातली मेथी खाली ठेवली. “वहिनी, तुला सांगू का नको असं वर्षभर चाललंय माझं. त्या दिवशी धबधब्यावर मी दादाला बोलवायला गेले ना, तर तो म्हणाला, ‘सिंधे, तुझ्या वहिनीला माझ्यासंगं एकटं बसणं नको वाटतं. मला आता कळलं. उगंच मागं लागत होतो.’”

नको वाटतं? मला? अगं, त्या माणसाची चप्पल दारात दिसली की माझा जीव भांड्यात पडतोय! पण हे मी त्यांना कधी सांगितलं होतं? गल्लीला सगळं सांगितलं, त्यांना न्हाई. मी मेथी तशीच टाकून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सिंधुला बसमध्ये बसवलं अन् घरी येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. “सहस्रकुंडला चला. दोघंच.”

“ते बघितलं की,” ते म्हणाले.

“मग हत्तीबेटला चला. उदगीरकडं. दोघंच.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतंय. “दोघंच?” ते म्हणाले. “बरं. जाऊ.”

सकाळी गुणाबाईनं भिंतीवरनं डोकं काढायच्या आत मी गाडीत बसले होते. पुढं, त्यांच्या बाजूला. पहिल्यांदाच. नवी इरकल नेसले होते. रस्त्यानं मी म्हटलं, “पाऊस बरा झालाय.” ते म्हणाले, “हाव.” मी म्हटलं, “सोयाबीन चांगलं हाय.” ते म्हणाले, “हाव, बरंय.” मग मला काही सुचेना अन् त्यांनाबी सुचेना. हत्तीबेटावर पायऱ्या चढताना मी त्यांच्या हाताला धरलं. धरू दिलं त्यांनी. वर बसून धपाटे खाल्ले. माझ्या ओठावर आलं होतं, की मला तुमच्यासंगं बसायला नको वाटत न्हाई, मला नीट बसता येत न्हाई एवढंच. निघालं काय, तर “चटणी घ्या अजून.”

परत येताना एका फाट्यावर म्हातारी, तिचा पोरगा अन् सून उभे होते. एसटी चुकली होती. ह्यांनी गाडी थांबवली, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. “या, बसा. जागा हाय.” अन् मग काय माणूस खुलला! कुठले, कुणाचे, तुमच्या गावची मुक्कामी गाडी मी चालवलीय, तुमचा तो सरपंच मला चहा पाजायचा. हसत होते, मान मागं टाकून. एवढं हसलेले मी वर्षभरात बघितले नव्हते.

त्यांना त्यांच्या गावाजवळ उतरवलं अन् गाडी परत गप झाली. आता न्हाई तर कधी, म्हणून मी बोलले. एका दमात. “सिंधुनं सांगितलं मला. तुम्ही समजलात तसं न्हाई ते. मला लाज वाटायची, भ्या वाटायचं. माझंच चुकलं. परत एकदा म्हणा मला, दोघंच जाऊ म्हणून.”

त्यांनी गाडी कडेला घेतली. सवयीनं इंडिकेटर दिला. मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं, लहान पोराला थोपटतात तसं.

“न्हाई गं, तुझं काही चुकलं न्हाई,” ते म्हणाले. “मला लई वाटायचं तेव्हा. पण आता खरं सांगू? सकाळपासनं मलाच अवघडल्यासारखं होऊन राहिलंय. माणसं असली की बरं जातंय गं. तूच बरोबर होतीस.”

मी “हाव” म्हटलं. खिडकीकडं तोंड करून पदर डोळ्याला लावला. त्यांनी विचारलं, खडा गेला का डोळ्यात? म्हटलं, हाव, खडा गेला.

घरी पोचलो तर ते दमून लगेच पडले. मी साडीसुद्धा न बदलता भिंतीजवळ गेले अन् गुणाबाईला हाक मारली. पुढच्या गुरुवारी कंधारला येतेस का म्हटलं, अन् येताना जावेला अन् तिच्या नवऱ्यालाबी घेऊन ये, आमच्या ह्यांना बोलायला माणूस लागतंय.