माझ्यावर ‘पूर्व’ लिहिलं आहे

मी एक जुनी पितळी पाटी आहे. ताटाएवढी गोल, कडेला डाळिंबाची वेल आणि मधोमध एकच शब्द: मिझ्राह. म्हणजे पूर्व. प्रार्थनेला जेरुसलेमकडे तोंड करायचं, ती दिशा कळावी म्हणून यहुदी घरांत अशी पाटी टांगतात. मित्रांनो, त्या शुक्रवारी दुपारपर्यंत मी पूर्वेच्याच भिंतीवर होते.

माझे मालक मख्लूफबा खाली खुर्चीत बसले होते. त्यांचे डोळे पार गेले होते. त्यांची लेक यामना हैफाहून आली होती; ती तिथे विद्यापीठात भाषा शिकवते. शनिवारच्या जेवणाचं गहू, हरभरे आणि अंड्यांचं भांडं तिने मंद आचेवर चढवलं.

“जिरं कमी पडलंय,” बा म्हणाले.

“चाखलंत कुठे तुम्ही?”

“डोळे गेलेत, नाक शाबूत आहे.” मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. “पोरी, पूर्व कुठे?”

ती लहान होती तेव्हापासून ते हे विचारत. तिने माझ्यावर हात ठेवावा आणि ‘इथे’ म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. ती कधीच म्हणाली नव्हती. का, ते सांगते.

माझा जन्म मोरोक्कोतल्या सेफ्रू गावचा. मख्लूफच्या लग्नासाठी इद्रिस तांबटाने मला घडवलं. माझ्यावरची यहुदी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. कागदावर बघून तो एकेक ठोकत गेला.

“लिहिलंय तरी काय?”

“उगवतीची जागा.”

“मग सरळ आमच्यासारखं मश्रिक म्हण की लेका! नमाजाला आम्हीही तिकडेच तोंड करतो.”

“मी जेरुसलेमला उतरतो. तू बस, पुढे मक्केपर्यंत जा.”

दोघं खूप हसले. माझ्यावरून झालेला तो शेवटचा प्रेमाचा विनोद.

पुढे यहुद्यांची घरंच्या घरं पूर्वेला, नव्या इस्रायल देशात निघाली. तिथल्या बंदरावर माणसांच्या डोक्यांवर जंतुनाशक पावडर उडवली. गाठोड्यात होते, तरी माझ्यावरही उडाली. अधिकारी समुद्रकाठचं गाव देतो म्हणाले होते. ट्रक वाळवंटात थांबला आणि ड्रायव्हर म्हणाला, “उतरा.” मिळालेल्या खोलीत मख्लूफने सवयीने पूर्वेच्या भिंतीत खिळा ठोकला आणि मला टांगलं.

शेजारचे झेलिग मास्तर पोलंडहून आलेले. ते दारातूनच हसले. “अहो, इथून जेरुसलेम उत्तरेला! तुमची पाटी जॉर्डनच्या उंटांना सलाम ठोकतेय.”

“तिच्यावर पूर्व लिहिलंय. उत्तरेला टांगली तर खोटं बोलेल.”

“आणि पूर्वेला टांगली तर तुम्ही चुकाल.”

“मी चुकलो तर चालेल. देवाला सवय आहे.”

पण माझा शब्द भिंतीवर राहिला नाही. कचेरीत, शाळेत युरोपातून आलेले लोक आम्हा मोरोक्कोवाल्यांना ‘मिझ्राही’ म्हणू लागले. पूर्वेकडचे. मख्लूफ म्हणत, “मी मावळतीच्या मुलखातला. आमच्या पलीकडे नुसता समुद्र. मी कुठून पूर्वेचा?” ऐकणारे आणखी हसत. यामनाला वर्गात मुली विचारत, “ए पूर्वेकडची, उवा मोजल्यास का?” एके दिवशी घरी येऊन तिने मला उलटं केलं. तोंड भिंतीकडे. बांनी मला पुन्हा सुलटं केलं.

ती शब्दच शिकायला गेली. एकदा सुटीत तिने बांना सांगितलं, “पूर्वेला आपला आणखी जुना शब्द आहे. केदेम. त्याचा अर्थ समोरचं, आणि पूर्वीचंसुद्धा. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण. म्हणून दक्षिणेचं नावही उजव्या हातावरून. माझं यामना हे नावही.” मित्रांनो, तुमच्या भाषेत तरी काय वेगळं आहे? पूर्व आणि पूर्वी एकच. आणि दक्षिण म्हणजे उजवा.

“म्हणजे जे मागे राहिलं, तेच समोर?” बांनी विचारलं.

“शब्दात तरी तसंच आहे.”

“मग मी बरोबर टांगलीय.”

तर त्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा विचारलं. यामना दूरवरून गाडी चालवून थकली होती. तिने फोनवरचं होकायंत्र त्यांच्यासमोर धरलं. आंधळ्या माणसासमोर.

“उत्तरेला, बा. आयुष्यभर चुकीच्या भिंतीशी बोललात. सगळं गाव हसलं.”

“हसू दे. तिला हलवू नकोस.”

“मी शिकले कशासाठी मग?”

तिने स्टूल ओढलं, मला उतरवलं आणि उत्तरेच्या भिंतीवर टांगलं. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारचा विसावा लागतो, मग गाडी चालवायची नसते; त्याआधी हैफाला पोचायच्या घाईत स्टूल तिथेच राहिलं. “बरं,” बा एवढंच म्हणाले.

मी फक्त शोभेची नव्हते, मित्रांनो. रोज पहाटे बा भिंतीला हात लावत यायचे, माझी अक्षरं चाचपायचे, आणि मग त्यांना कळायचं की आपण कुठे उभे आहोत. दार कुठे, खुर्ची कुठे. त्या शनिवारी पहाटे हाताला नुसता खिळा लागला. हात पुन्हा फिरला. खिळ्यापासून कोपऱ्यापर्यंत, परत खिळ्यापर्यंत. नखांनी चुना खरवडला. मी उत्तरेला लटकत होते. पितळेला हाक मारता येत नाही. ते वळले आणि स्टुलाला अडखळले.

प्रार्थनेला आले नाहीत, म्हणून झेलिग मास्तर बघायला आले. तेव्हा ऊन चढलं होतं.

सुतकाच्या दिवसांत रिवाजाप्रमाणे घरातले आरसे झाकले. मी चकाकते, म्हणून माझ्यावरही कापड टाकलं. यामना जमिनीवर बसली होती. झेलिग मास्तर कोणाला तरी म्हणाले, “बिचारे. पूर्वेकडचा माणूस, आणि शेवटपर्यंत पूर्व सापडली नाही.” कोणीतरी खुदकन हसलं.

यामनाने मान वर केली. समोर पूर्वेच्या भिंतीवर माझ्याएवढा गोल पांढरा डाग होता, मधे खिळा. डागाभोवती ताजे ओरखडे होते. बोटांचे. ती ओरखड्यांकडे बघत राहिली. मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडे.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू चुकीच्या जागी आहे असं वाटलं, तर हलवा खुशाल. पण आधी विचारा, ती जागा कोणाच्या हाताला ठाऊक आहे.

यामना उठली. कापड काढून तिने मला उतरवलं आणि जुन्या खिळ्याला अडकवलं.

“बाई, तिकडे जेरुसलेम नाही,” मास्तर म्हणाले.

तिने मागे पाहिलं नाही. तळवा माझ्या अक्षरांवर ठेवला. तो गार होता.

“इथे, बा,” ती मोठ्याने म्हणाली. “पूर्व इथे.”