मगरमिठी

तिने त्याच्या डाव्या हातावर दोनदा थोपटलं. हळूच, कारण बाळ आत्ताच झोपलं होतं. तिच्या गळ्याभोवतीचा त्याचा हात तसाच राहिला. आवळत नव्हता, पण सुटतही नव्हता. तिने पुन्हा थोपटलं, या वेळी मनगटाशी. मग हात मागे नेऊन त्याच्या गुडघ्यावर चापट मारली, तेव्हा पकड झटकन सुटली.

"लागलं?" मागून त्याने विचारलं.

"नाही."

"मग अशी काय बघतेयस?"

"काही नाही. पाणी आणते."

थाप पडली की सोडायचं, हे त्यांच्या खेळात पहिल्या दिवशी शिकवतात. समोरच्याने अंगावर थोपटलं की तो हरला, तिथून पुढे एक क्षणही धरून ठेवायचं नाही. घरच्या हॉलमधल्या या निळ्या गादीवर लग्नापासून ती त्याच्यासोबत पकडीचा सराव करत आली होती. मधे फक्त बाळंतपणाची सुट्टी. थाप पडल्यावर त्याचा हात सुटला नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

आणि तो हात साधासुधा नव्हता. लढतीच्या जाळीदार पिंजऱ्यात उतरल्यावर निवेदक त्याचं नाव घेतच नसे, 'मगर' म्हणे. शाळेच्या वयात कुस्ती, मग दिवसभर गोदामात खोकी उचलून संध्याकाळी ठोसे आणि लाथा शिकणं, लग्नाच्या हॉलमध्ये उभारलेल्या डगमगत्या पिंजऱ्यातल्या लढती, एकदा मोडलेलं आणि घाईत बसवलेलं नाक, या सगळ्यातून त्याला वर आणलं होतं ते डाव्या हाताच्या त्या एका पकडीने. ती गळ्याला बसली की समोरच्याला थापच मारावी लागे. आता विजेतेपदाच्या पट्ट्याची लढत आली होती. या लढतीसाठी त्याने इतकी वाट पाहिली होती, की पोरीचं बारसंसुद्धा सरावाच्या वेळा बघून झालं होतं.

तिचं सगळं लक्ष आता त्या हाताकडे लागलं. तसंही तिचं लक्ष कशाकडे नसे? चिंगी झोपेत श्वास घेते की नाही, हे ती नाकाशी बोट धरून बघायची. पण नवऱ्याकडे असं बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती. आंघोळीचं पाणी तो उजवा कोपर बुडवून बघतो, हे तिला दिसलं. डाव्या करंगळीला तव्याचा चटका बसून फोड आला होता आणि तो कधी बसला, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणखी एक गोष्ट होती. पोरगी जन्मली तेव्हापासून त्याच्या डाव्या खांद्यावर असे. आता ती उजव्या हातावर असायची. नेहमी.

म्हणजे डाव्या हाताला नीट कळत नाही, हे त्याला माहीत होतं.

तिने फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला फोन केला आणि हात बधिर कशाने होतो ते विचारलं.

"कुणाबद्दल विचारतेयस?" मैत्रीण म्हणाली.

"असंच. वाचत होते."

"वाचतेयस तर हेही वाच. मानेतून येणारी शीर दबली असेल आणि त्या मानेला आणखी एक हिसका बसला, तर हात कायमचा जाऊ शकतो. नशीब फिरलं तर पायसुद्धा. पोर उचलता येणार नाही त्या माणसाला. बाई गं, खरं सांग, कुणाबद्दल?"

त्या संध्याकाळी तो गादी गुंडाळत असताना तिने विचारलं, "हात कधीपासून बधिर आहे?"

त्याने गादी पूर्ण गुंडाळली, भिंतीला टेकवली, वर पट्टा बांधला.

"बधिर नाही. जरा कमी कळतं."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवणारच आहे की. लढतीआधी तपासणी असतेच."

"चेष्टा करू नकोस."

"ही एक होऊ दे. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो, म्हणशील तितके दिवस पडून राहतो." तो बोलत होता आणि उजव्या हाताने डावी बोटं एकेक करून दाबत होता. "तू तिथे तोंड उघडलंस, तर मी तुला काही बोलणार नाही. पण विसरणारही नाही. शब्द दे."

चिंगी आतून कुरकुरली. तिच्याकडे जायला आई उठली आणि जाता जाता म्हणाली, "नाही उघडणार."

तपासणीच्या दिवशी कोचचा सकाळीच फोन आला. "वहिनी, चिंगीला घेऊन या बरं का! हा डॉक्टर पोरांवर भाळतो. मांडीवर बाळ दिसलं की दोन प्रश्न कमी विचारतो." आणि तो खो खो हसला. कोचला सगळं ठाऊक होतं की नुसतीच गंमत करत होता, तिला कळलं नाही. नवरा म्हणाला, "चल की. तेवढीच माझी लकी चार्म."

खोली लहान होती. डॉक्टरांचं टेबल, नवऱ्याचं स्टूल, आणि स्टुलाला चिकटून तिची खुर्ची. म्हातारे डॉक्टर खरंच भाळले. स्टेथोस्कोप चिंगीच्या हातात दिला, तो तिने चावून बघितला, मग पुसून परत घेतला. नवऱ्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी. डाव्या हाताने त्यांचा हात दाबायला सांगितला, तेव्हा "अरे, सोड बाबा" म्हणाले. जोर होता त्यात, अजून.

"आता डोळे मिट. हातावर कापूस लावतो. डावा की उजवा, सांगायचं. आता?"

"उजवा."

"आता?"

"डावा."

"आता?"

"डावा."

एकही चुकला नाही. ती बघत राहिली आणि तिसऱ्या-चौथ्या उत्तराला तिच्या ध्यानात आलं. उजव्याला लागलं तर उजवा, आणि काहीच लागलं नाही तर डावा. इतकं सोपं होतं. मान वाकवून शांत बसला होता, लढतीआधी कोपऱ्यात बसतो तसा.

"छान. डोळे मिटलेलेच ठेव. टाचणी बघतो आता." डॉक्टर पाठ करून खणात शोधू लागले. खण अडकत होता.

त्याचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. चिंगी तिच्या मांडीवरून वाकली. दिवसभरात ती पोरीला कितीदा मागे ओढायची, कशाकशापासून. चिंगीने दोन्ही मुठींनी बापाचं मधलं बोट धरलं, तोंड खाली नेलं आणि बोट चावायला लागली. खालचे दोन दात नुकतेच आले होते. ते कसे लागतात ते तिला माहीत होतं, पाजताना दोनदा ओरडली होती ती.

"सापडत नाहीये का, डॉक्टर?" तो मिटल्या डोळ्यांनी हसला. "राहू द्या की मग."

डॉक्टर टाचणी घेऊन वळले आणि जागीच थांबले. बोटावरून लाळ ओघळत होती. चिंगी मन लावून चावत होती. डॉक्टरांनी नजर उचलून पोरीच्या आईकडे पाहिलं.

तिने पोरीला मागे ओढलं नाही. तोंडही उघडलं नाही.

डॉक्टरांनी टाचणी परत खणात ठेवली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"झालं?" त्याने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं. बोट अजून चिंगीच्या तोंडात होतं.