साखळीवरची मोहोर

माझ्या वडिलांनी माझ्यासाठी स्थळ पाहिलं तेव्हा गावभर सांगितलं होतं, मुलाला दरबारची नोकरी आहे, घाटावर सरकारी घर आहे आणि शिवाय एक नाव आहे. पुढे राज्य विलीन झालं आणि नोकरी गेली. मग घरही नव्या कचेरीसाठी घेतलं. राहता राहिली नाव, आणि मी माझा संसार उचलून तिच्यात नेला. लेकीला पाण्यात ढकललं म्हणतात, ते माझ्या बाबतीत शब्दशः खरं झालं.

नाव साधी नव्हती. ग्वाल्हेर दरबारचे पाहुणे उज्जैनला आले की त्यांना क्षिप्रेतून फिरवायची नाव ती. रुंद बुडाची, मधोमध छपराची खोली, खोलीला लाल-हिरव्या काचांच्या खिडक्या. तिची देखभाल माझ्या सासरच्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, म्हणून माझ्या नवऱ्याला सगळा घाट 'दरोगाजी' म्हणायचा. यांचं नाव यज्ञेश्वर. आता सांगते खुशाल, पण तेव्हा आम्ही बायका नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचो.

या नावेचा एक दंडक होता. पावसाळ्यात ती वापरायची नाही. आषाढी एकादशीला तिची साखळी घाटाच्या खांबाला बांधून नावेच्या तोंडाशी कुलूप घालायचं, कुलपावर लाख ओतायची आणि तिच्यावर दरबारची मोहोर उठवायची. कार्तिकी एकादशीला दरबारचा माणूस येऊन ती मोहोर फोडी, मग नाव मोकळी. मध्ये कुणी मोहोर फोडली तर दरोगा चोर ठरायचा. किल्ली दरोग्याच्या जानव्याला, पण मोहोरेचा हक्क दरबारचा, असा तो कारभार. "देवसुद्धा चार महिने निजतात, नाव निजली तर काय बिघडलं?" असं हे म्हणायचे.

मध्यभारत झाला त्या वर्षी राज्य कागदावर गेलं होतं, पण माणसं जुन्याच सवयीनं चालत होती. आषाढात ग्वाल्हेरहून एक साहेब आले, त्यांनी मोहोर उठवली, माझ्या हातचा चहा घेतला आणि गेले. कार्तिकीला कुणी आलं नाही. पुढच्या कार्तिकीलाही नाही. देव दरवर्षी वेळेवर उठत राहिले, आमची नाव काही उठली नाही. साखळी लांब होती, दरसालच्या पुराला पुरायची, त्यामुळे निभावत गेलं.

आणि हे त्या मोहोरेला जपत बसले. पावसात तिच्यावर मेणकापड बांधायचं. उन्हाळ्यात लाख पाघळेल म्हणून दिवसभर ओलं फडकं ठेवायचं, सुकलं की पुन्हा भिजवायचं. सुहासच्या वेळी मला ताप चढला होता, तेव्हा माझ्या कपाळावरची घडी इतक्या वेळा कुणी बदलली नव्हती. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं, तर हसले. म्हणाले, "तुला विचारायला तुझा भाऊ आहे. हिला विचारायला कोण आहे?"

खोटं कशाला बोलू, नावेत आम्ही हसलोही पुष्कळ. जयू तेव्हा दहा-अकराची, सुहास रांगता. त्याच्या कमरेला माझं जुनं लुगडं बांधून दुसरं टोक खांबाला बांधलेलं असायचं, आणि तो त्या टापूत राजासारखा फिरायचा. शेजारून दुसरी नाव गेली की आमची चूल डुलायची आणि वरण जमिनीवर. एक मोठं कासव कणकेच्या गोळ्यासाठी रोज यायचं. जयूनं त्याचं नाव मामा ठेवलं होतं, कारण माझा भाऊ मधुकर असाच मान आत ओढून बोलतो. एकदा माळव्यातल्या कुठल्याशा खेड्यातली एक म्हातारी रंगीत काचा बघून देऊळ समजून थेट आत आली आणि माझ्या चुलीपुढे नारळ ठेवून हात जोडून उभी राहिली. मी तोंडाला पदर लावला. पण जयू कसली वस्ताद! तिनं पळीनं नदीचं पाणी म्हातारीच्या हातावर घातलं आणि गंभीरपणे म्हणाली, "माताजी, अब पीछे मुड़के मत देखना." नारळाची आम्ही बर्फी केली.

पण पावसाळा जवळ आला की माझी झोप उडायची. मधुकर शहरातच, नदीपासून लांब, माधव नगरला मास्तर होता, त्याच्याकडे एक खोली रिकामी होती. दर ज्येष्ठात तो येऊन म्हणायचा, "अक्का, बरसात के पहले चला ना तिकडे. भाऊजी, नाव वर ओढून ठेवा." आणि हे म्हणायचे, "साखळी सोडल्याशिवाय नाव ओढता येत नाही, अन मोहोर फोडल्याशिवाय साखळी सुटत नाही." झालं. मधुकर मान आत ओढून परत जायचा.

शेवटच्या साली मी हट्टाला पेटले. मध्यभारताचाही मध्यप्रदेश होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, असं जिकडेतिकडे ऐकू येत होतं. मी म्हटलं, "आत्ता हुकूम आणा, नाहीतर मी मुलांना घेऊन चालले." हे धुतलेला कोट घालून, काळी टोपी लावून कचेरीत गेले. तिथं सगळीकडे पेट्या बांधायचं काम चाललेलं. बाबूनं यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाला, "अरे दरोगाजी, तोड़ दो! कौन पूछता है?"

दुसरा कुणी असता तर नाचत घरी आला असता. हे आले ते चेहरा पाडून. टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "म्हणे, तोड दो! कोण विचारतो! हुकूम असा असतो होय?"

"तोंडानं सांगितलं ना? मग झालं तर!"

"हसत सांगितलं त्यानं. दरबारची मोहोर फोडायला कुणी हसत सांगत नाही."

"दरबार गेला, साहेब गेले, राज्य गेलं! तुमचं कुलूप तेवढं राहिलं!"

"राजा गेला म्हणून दिलेला शब्द जात नाही," हे म्हणाले, आणि फडकं भिजवायला गेले.

मला इतका संताप आला की मी त्या दिवशी चूल पेटवली नाही. पण मी गेलेही नाही. या माणसाला एकट्याला त्या साखळीपाशी सोडून जायचं, हे माझ्यानं होईना. माझं सगळं घर एका लाखेच्या टिकलीवर टांगलेलं होतं, हे मला कळत होतं आणि तरी मी राहिले.

गणपती गेल्यावर नदीच्या वरच्या अंगाला, इंदूर-देवासकडे पाऊस कोसळला. आमच्याकडे तर ऊन होतं. पण सकाळी पाहिलं तर नदी गढूळ होऊन भरभर चढत होती. दुपारपर्यंत घाटावरची लहान देवळं बुडाली. मग नेहमीच्या पुराची खूणसुद्धा बुडाली, आणि साखळी पहिल्यांदाच ताठ झाली. पाणी वर ढकलत होतं, साखळी खाली ओढत होती, आणि नावेचं तोंड हळूहळू वाकायला लागलं. चुलीतली राख माझ्या पायाशी घसरत आली.

मधुकर केवटांची, म्हणजे घाटावरच्या नावाड्यांची, डोंगी घेऊन आला. त्यानं सुहासला उचललं, जयूला ओढलं. जयू रडत होती, "बाबा, चला ना! बाबा!" मी तिला डोंगीत बसवलं आणि स्वतः मागे राहिले. मोठ्या देवळाच्या ओट्यावर केवट दोर घेऊन तयार उभे होते. ते ओरडत होते, "दरोगाजी, संकल छोड़ो! नाव इधर खींच लेंगे!" साखळी सुटली असती तर नाव वर उठली असती आणि देवळाच्या आडोशाच्या संथ पाण्यात लागली असती. साऱ्या घाटाला ते दिसत होतं.

हे कुलपापाशी बसले होते. मोहोरेवर तळहात ठेवून, डोळे मिटून.

मी हात जोडले. शिव्या दिल्या. मुलांची शपथ घातली. मग माझं मलाच कळलं नाही, मी किंचाळले, "यज्ञेश्वर! उठ!"

यांनी डोळे उघडले. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून ते नाव, आणि तेही अरे-तुरे. माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच कुणी साहेब आहे आणि आत्ता कुठे नीट हुकूम मिळाला. मग उठले, माझा वरवंटा घेतला आणि मोहोरेवर घातला. लाख भाजल्या पापडासारखी फुटली.

आत कुलूप नव्हतंच. गंजाचा एक गोळा होता. इतक्या उन्हाळ्यांचं ओलं फडकं लाखेच्या फटीतून आत झिरपत राहिलं होतं. मोहोर वरून लखलखीत होती आणि आतलं सगळं कुजून एक झालं होतं. यांनी जानव्याची किल्ली काढून घातली, फिरवली, आणि ती आतच मोडली. मग वरवंट्यानं ठोकत सुटले. कुलूप तुटलं नाही. साखळी दरबारची होती, दणकट. पाणी पायावरून गुडघ्यावर आलं. केवटांनी दोर फेकून आधी मला ओढलं, मग यांना. हे येत नव्हते, एकानं उडी मारून पोटाला धरून आणलं. ओट्यावरून आम्ही पाहिलं. नाव तोंडावर वाकली, मागची बाजू उभी राहिली, आणि माझं पीठ, माझी भांडी, मुलांची अंथरुणं, सगळं घेऊन खाली गेली.

माधव नगरच्या खोलीत आम्ही राहायला लागलो. जमीन हलत नाही याची सुहासला गंमत वाटायची, तो धावत सुटायचा. हे पानावर बसत, दोन घास खात, उठत. मी म्हणायची, "जाऊ द्या. जीव वाचले ना?" तर माझ्याकडे पाहत, मी परक्या मुलखातलं काही बोलतेय असं. मी या माणसावर वर्षानुवर्षं चिडत आले होते. आता चिडायला समोर माणूसच उरला नाही, आणि ते माझ्यानं सोसवेना.

नोव्हेंबर लागला, नवं राज्य झालं. एका सकाळी हे मधुकरचा कोट आणि टोपी मागून घेऊन तयार झाले. म्हणाले, "कचेरीत जायचंय. वर्दी द्यायला हवी." मी सोबत गेले.

नवे साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली. हे बसले नाहीत. हात जोडून उभ्या उभ्या म्हणाले, "साहब, दरबार की मोहर मैंने तोड़ी है. नाव मेरे हाथ से डूबी. जो सज़ा हो, दीजिए."

साहेबांनी दोन-तीनदा विचारून घेतलं, कसली नाव, कोणाची नाव. मग शेजारच्या माणसाशी बोलले आणि अगदी मायेनं म्हणाले, "बाबा, सरकार के पास ऐसी कोई नाव थी ही नहीं. आपका कोई कसूर नहीं. बेफ़िक्र घर जाइए."

"साहब, कुछ तो सज़ा दीजिए," हे म्हणाले.

साहेब ओशाळले. पुन्हा म्हणाले, "घर जाइए."

बाहेर फ्रीगंजच्या रस्त्यावर हे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. येणारी-जाणारी माणसं बघत होती. म्हणाले, "कुसुम, नाव नव्हतीच म्हणतात. मग मी कोण होतो गं?" आणि लहान मुलासारखे रडायला लागले. लग्नापासून मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या साहेबानं यांना एक दिवस तरी कोठडीत टाकायला हवं होतं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी बाहेर भाकरी घेऊन बसले असते.

यांना तिथंच बसवून मी पुन्हा आत गेले. साहेबांपुढे पदर पसरला. म्हटलं, "साहब, झूठ ही सही, थोड़ा डाँट दीजिए उनको."

"माताजी, किस बात पर?" साहेब म्हणाले, आणि समोरच्या कामात डोकं घातलं.

मी बाहेर आले. यांनी मान वर केली. "काय म्हणाले?"

"म्हणाले, गुन्हा मोठा आहे. चौकशी होणार. बोलावणं येईल."

"येईल? नक्की?"

"नक्की म्हणाले."

यांनी डोळे पुसले. उठून कोट झटकला, टोपी सरळ केली. घरापर्यंत चांगले ताठ चालत आले, आणि त्या दुपारी पोटभर जेवले.

आता रोज सकाळी आंघोळ करून, कोट घालून हे मधुकरच्या दारात खुर्ची टाकून बसतात. कचेरी सुटायची वेळ झाली की आत येतात आणि मला विचारतात, आज का आलं नसेल? मी म्हणते, साहेब दौऱ्यावर असतील, उद्या येईल. हे मान हलवतात आणि कोट काढून माझ्या हातात देतात.