अक्षतासारखी मूठ

नेमबाजीच्या सरांनी पिस्तुलाला बसवायच्या दोन मुठी दाखवल्या, एक अक्रोडाच्या लाकडाची आणि एक खरबरीत रबराची.

"वैजू, सोलापूरचं ऊन आणि तुझा घामट हात. रबराचीच घे की."

मी लाकूड निवडलं. लाकूड घाम शोषतं, असं मी सरांना म्हणाले.

ते खोटं होतं. पुन्हा सांगते.

अक्षताची मूठ लाकडाची आहे आणि जिल्ह्याच्या संघात आम्हा दोघींपैकी एकीलाच जागा आहे, म्हणून निवडलं. माझ्या मुठीत बोटांच्या खाचा कोरायला मंद्रूपच्या सुताराला नमुना म्हणून गुपचूप तिचीच मूठ नेऊन दिली.

निवडीच्या सकाळी त्या खाचांत माझी बोटं बसेनात. अक्षतानं मूठ सहज हातात घेतली.

"अगं, ही तर माझ्याच हाताची हाय की!"

सरांनी रबराची मूठ पुढे केली. अक्षता बघत होती, म्हणून मी लाकडाच्याच मुठीनं नेम धरला.